टॉपर घेण्याआधी गादीखाली डोकावा

मागच्या मे महिन्यात आम्ही तीन आठवडे गावाला गेलो होतो. घरी सासूबाई एकट्या. जाताना मी माझ्या मेमरी फोमच्या टॉपरची, म्हणजे गादीवर अंथरायच्या जाड थराची, खोळ धुवायला काढून ठेवली होती. परत आले तर आमच्या पश्चिमेकडच्या गॅलरीच्या कठड्यावर तो उघडा टॉपर वाळत घातलेला. "रोज ऊन दाखवलंय हो, आता बघ कशी छान झोप येईल," त्या म्हणाल्या. गादीला ऊन दाखवायचं, काठीने बडवायचं आणि ऊब असतानाच पलंगावर घालायची, हे त्यांनी जन्मभर केलंय. कापसाच्या गादीसाठी ते अगदी बरोबरही आहे. पण माझा पांढराशुभ्र फोम एका बाजूने एरंडेल तेलासारखा पिवळा पडला होता, आणि कडेला बोट घासलं की खारी बिस्किटासारखा भुगा सुटत होता.

मेमरी फोम म्हणजे पॉलियुरेथेन. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या साखळ्या तुटतात, आधी रंग जातो आणि मग जीव. हे मला माहीत होतं, घरात कुणाला सांगायचं सुचलं नव्हतं. त्यामुळे सासूबाईंवर चिडायची सोय नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर तो टॉपर मी घेतला तेव्हाच चुकला होता. ऊन फक्त निमित्त झालं.

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला पाठदुखी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. रोज दीड-दोन तास खड्डे आणि ट्रॅफिक झेलून घरी आलं की गादी हीच काय ती मेहेरबानी. सकाळी उठल्यावर कंबर धरलेली असायची, मोबाईलवर एक जाहिरात सतत दिसत होती, आणि मी रात्री साडेअकराला बटण दाबून मोकळी झाले. जे आधी तपासायला हवं होतं ते नंतर एकेक करून शिकले, ते इथे लिहिते आहे.

टॉपर हा शब्द आमच्या घरात तोवर दहावीच्या निकालाशिवाय कुणी वापरला नव्हता. "टॉपर मागवलाय" म्हटल्यावर सासूबाईंनी विचारलं होतं, "कुणाचा मुलगा?" पण वस्तू काही परकी नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून गादीवर अंथरायचो, ती टॉपरच होती. गादी तीच, फक्त अंगाला लागणारा वरचा थर बदलायचा. आजचा टॉपर दोन ते चार इंच जाडीचा असतो, गादीवर ठेवायचा आणि त्यावर चादर घालायची.

गादी दोन कामं करते. एक, शरीराला तोलून धरायचं, म्हणजे कमरेसारखा जड भाग खाली जाऊ द्यायचा नाही. हा आधार. दुसरं, खांदा, कुल्ला, टाच असे जे भाग टोचतात त्यांना थोडं आत घ्यायचं. हा आराम. आधार खालचा जाड थर देतो आणि आराम वरचा. टॉपर फक्त वरचा थर बदलतो. गादी खालून धडधाकट असेल पण अंगाला दगडासारखी लागत असेल, तर टॉपरने खरोखर फरक पडतो. गादी बसली असेल, मधे खड्डा पडला असेल, तर टॉपर त्या खड्ड्यातच जाऊन बसतो. खड्डा तोच राहतो, वर फक्त मऊ होतो. माझं नेमकं हेच झालं. पहिले चार दिवस स्वर्ग, पाचव्या दिवसापासून नवरा आणि मी दोघं मध्यावर घरंगळायला लागलो.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी चादर काढा आणि गादीवर आडवी एक सरळ काठी ठेवा. पडद्याचा रॉड चालतो, लांब झाडूचा दांडा चालतो. काठी आणि गादी यांच्यामधे जिथे फट दिसते तिथे पट्टी उभी धरून मोजा. फट एक इंचाच्या वर असेल तर टॉपरचा विचार सोडा, तो पैसा नव्या गादीत घाला. आमची फट पावणेदोन इंच निघाली.

इथे आणखी एक भानगड असते. गादी पूर्ण उचलून खालचा प्लाय पाहा. ठाण्या-नवी मुंबईच्या फ्लॅटमधे पलंग म्हणजे बहुतेक करून बॉक्स बेड. आत बॅगा, रजया, मुलांची जुनी पुस्तकं आणि डांबराच्या गोळ्या. वरच्या प्लायच्या दोन फळ्या मध्यावर जिथे भेटतात तिथे खालून आडवी पट्टी हवी. सुताराने ती दिली नसेल, किंवा कधीतरी निघून आली असेल, तर दोष गादीचा नाहीच, पलंगाचा आहे. खात्री करायची तर गादी दोन-तीन रात्री सरळ जमिनीवर टाकून झोपा. कंबर सुधारली तर सुताराला फोन करा. तशीच राहिली तर गादी गेली. शेजारच्या काकांनी असं करून पाहिलं आणि बाराशे रुपयांच्या सुतारकामात त्यांची पाठ मोकळी झाली. टॉपर घेतलाच नाही.

आता समजा खालचं सगळं ठीक आहे आणि टॉपर घ्यायचाच आहे. मग मेमरी फोम म्हणजे नक्की काय ते नीट समजून घ्यावं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत.

साधा फोम दाबा, हात काढा, तो लगेच वर येतो. ढोकळ्यासारखा. मेमरी फोम दाबला की हाताचा ठसा राहतो आणि काही सेकंदांनी सावकाश भरून येतो. पुरणपोळीची सैल, तेलात मुरलेली कणीक आठवा. बोट रुतवलं की खळगा पडतो आणि ती कणीक आपल्या सवडीने परत जागेवर येते. एकाच वेळी चिकट आणि लवचीक. साधा फोम तुम्हाला वर ढकलत राहतो, मेमरी फोम तुमच्या आकाराशी जुळवून घेतो. खांदा जितका जड तितकाच तो आत जातो, आणि वजन दोन-तीन टोकांवर न पडता मोठ्या भागावर पसरतं. टोचणं कमी होतं ते यामुळे.

कणकेचं आणखी एक साम्य आहे, तेही फार महत्त्वाचं. तीच कणीक फ्रिजमधे ठेवली की घट्ट होते, उन्हाळ्यात ओट्यावर राहिली की सैल पडते. मेमरी फोमही तसाच वागतो. त्याचं रसायन असं बांधलेलं असतं की आपल्या खोलीच्या तापमानाच्या आसपासच तो कडक आणि मऊ यांच्या सीमेवर असतो. अंगाच्या उबेने तो वितळल्यासारखा वाटतो तो म्हणूनच. हवेतल्या दमटपणानेही तो सैल होतो. याचा अर्थ असा की एकच टॉपर जानेवारीत, मे महिन्यात आणि जुलैच्या धो-धो पावसात तीन वेगळ्या गाद्यांसारखा वागेल. दुकानात एसी अठरावर असतो, तिथे फोम घट्टमुट्ट लागतो. तोच तुमच्या पंख्याच्या खोलीत, तीस डिग्रीला, दलदल वाटू शकतो. घरी एसी लावून झोपत नसाल तर दुकानात जो थोडा कडक वाटतो तोच घ्या.

विक्रेते हटकून सांगतात की हा अंतराळवीरांच्या गादीचा फोम आहे. अर्धं खरं आहे. १९६६ साली चार्ल्स योस्ट या अभियंत्याने नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी विमानातल्या आसनांची गादी म्हणून हा फोम तयार केला. धक्का शोषावा आणि लांबच्या उड्डाणात बसणं सुसह्य व्हावं, हा हेतू. झोपायच्या गाद्या खूप नंतर, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, स्वीडनच्या एका फोम कंपनीने बाजारात आणल्या. अंतराळवीर तर गादीवर झोपतच नाहीत. वजनच नसतं तिथे, टोचणार काय? ते भिंतीला बांधलेल्या झोपायच्या पिशवीत शिरतात.

आता मुख्य गोष्ट, डेन्सिटी. दुकानदार हा शब्द इतक्या सहज फेकतात की गिऱ्हाईक मान डोलावून गप्प बसतं. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. पन्नास डेन्सिटी म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच ठोकळा पन्नास किलोचा. बस, एवढंच. यात कडकपणाचा काही संबंध नाही. लोक इथेच फसतात. "जास्त डेन्सिटी म्हणजे कडक, पाठीला चांगली" असं सर्रास ऐकू येतं. पुन्हा कणकेकडे जा: पीठ किती घेतलं ही डेन्सिटी, किती घट्ट मळलं हा कडकपणा. अर्धा किलो पिठाची कणीक घट्टही होते आणि सैलही. कडकपणा वेगळ्या चाचणीने मोजतात, फोमचा तुकडा पाव जाडीइतका दाबायला किती जोर लागतो त्यावरून. तो आकडा आपल्याकडे टॉपरच्या पाकिटावर क्वचितच छापतात, त्यामुळे कडकपणा अंगानेच तपासावा लागतो. डेन्सिटीवरून कळतो तो टिकाऊपणा. माल जितका भरीव तितका तो उशिरा बसतो.

चाळीसच्या खालचा मेमरी फोम मी रोजच्या झोपण्यासाठी घेणार नाही. पाहुण्यांच्या खोलीसाठी ठीक आहे. पन्नासच्या आसपास घरगुती वापराला पुरेसं. ऐंशीचा फोम उत्तम टिकतो, पण तो गरमही होतो आणि उचलताना दोन माणसं लागतात.

आणि हा आकडा तुम्ही घरी तपासू शकता! हे मला कुणीही सांगितलं नव्हतं, शाळेतलं घनफळ अचानक आठवलं. टॉपरची लांबी, रुंदी आणि जाडी इंचात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ६१,००० ने भागा. उत्तर घनमीटरमधे येतं. मग टॉपर गुंडाळून दोरीने बांधा आणि प्रवासाच्या बॅगा तोलायचा तो छोटा हातातला काटा त्याला लावा. किलोला घनमीटरने भागलं की डेन्सिटी.

माझा टॉपर किंग साइजचा, ७८ बाय ७२, जाडी ३ इंच. गुणाकार १६,८४८. भागिले ६१,००० म्हणजे सुमारे ०.२७६ घनमीटर. विकणाऱ्याने पन्नास डेन्सिटी सांगितली होती, म्हणजे नुसता फोम पावणेचौदा किलोचा भरायला हवा. नवऱ्याने दम खाऊन काटा वर धरला. खोळीसकट साडेनऊ किलो. खोळ वेगळी तोलली, ती एक किलो. उरले साडेआठ. डेन्सिटी आली एकतीस. हे मी केलं ते ऊन लागून गेल्यावर, परत करायची मुदत संपल्यावर. तुम्ही पहिल्याच दिवशी करा.

या युक्तीला एक पळवाट आहे, तीही सांगते. स्वस्त फोममधे वजन वाढवायला खडूसारखी भुकटी मिसळता येते, दुधात पाणी घालतात त्याच्या उलट प्रकार. काटा मग खोटं बोलतो. कडेला बोटाने चोळून बोटांवर पांढरी पूड येते का पाहा. आणि खोळीची चेन पूर्ण उघडून कड बघा. बऱ्याच "मेमरी फोम" टॉपरमधे वर एक इंच मेमरी आणि खाली दोन इंच साधा फोम चिकटवलेला असतो. हे वाईट नाही, कधी कधी चांगलंच असतं, पण तसं सांगून विकायला हवं. कडेला दोन रंग दिसले की प्रश्न विचारा. चेनच नसेल, खोळ चारी बाजूंनी शिवून टाकलेली असेल, तर मी तो माल घेत नाही.

जाडी किती घ्यायची हे तुम्ही कसे झोपता त्यावर ठरतं. कुशीवर झोपणाऱ्याचं सगळं वजन खांदा आणि कुल्ला या दोन जागांवर येतं, त्याला तीन इंच लागतात. वजन ऐंशी किलोच्या पुढे असेल तर दोन इंचांतून कुल्ला थेट खालच्या गादीला टेकतो, मग टॉपर असून नसल्यासारखा. उताणं झोपणाऱ्याला दोन इंच बहुधा पुरतात. पालथं झोपणाऱ्याला मात्र जाड मऊ टॉपर शत्रू आहे, पोट आत जातं आणि कंबर कमानीसारखी उलटी वाकते. त्याने दोन इंचांहून जास्त घेऊ नये, किंवा घेऊच नये. चार इंची टॉपर मोठ्या दिमाखात विकतात, पण चार इंच मेमरी फोम म्हणजे कूस बदलायला उठून बसावं लागतं. माझ्या मते आपल्या हवेत तो कुणालाच नको.

"पण पाठीला कडकच चांगलं ना? डॉक्टर फळीवर झोपायला सांगतात." हे वाक्य प्रत्येक घरात एकदा तरी येतं. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना काहींना कडक तर काहींना मध्यम कडक गादी दिली आणि तीन महिने पाहिलं. मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. म्हणजे फळीही नको आणि कापसाचा डोंगरही नको. पाकिटावर "ऑर्थोपेडिक" लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, त्या शब्दामागे कोणतंही ठरलेलं मोजमाप नाही. आणि दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, पायातली ताकद कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर टॉपर बघत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

घेताना झोपून बघायला हवंच. मीही आधी हाताने दाबूनच पाहायचे. दुसऱ्या खेपेला राम मारुती रोडवरच्या एका दुकानात गेले तेव्हा तिथले काका म्हणाले, "ताई, हाताने काय कळणार, हाताला कंबर असते का? चपला काढा आणि झोपा." काचेपलीकडे फुटपाथवर खरेदीची झुंबड, पाणीपुरीचा घास तोंडात धरून एक मुलगा माझ्याकडे एकटक बघतोय, आणि मी भर दुपारी कुशीवर पडलेली. लाज वाटते. पण निदान दहा मिनिटं पडून राहा, कारण फोम तुमच्या उबेने मऊ व्हायलाच तेवढा वेळ घेतो. पहिल्या मिनिटाला जे वाटतं ते रात्री दोन वाजता वाटणार नाही.

पडल्यावर काय बघायचं? उताणं झोपा आणि कमरेच्या खालच्या पोकळीत तळहात सरकवा. हात आरपार गेला आणि वर जागा उरली तर फार कडक. हात घुसवायलाच लागला तर फार मऊ. हात जरासा घासून गेला की बरोबर. मग कुशीवर व्हा आणि सोबत आलेल्या माणसाला मागून बघायला सांगा, मानेपासून माकडहाडापर्यंत दोरी ताणल्यासारखी सरळ रेघ दिसली पाहिजे. उशीही घरचीच न्या, हसतील तर हसू द्या. टॉपरवर खांदा आत जातो म्हणजे मान खाली येते, आणि आधी बरोबर असलेली उशी अचानक उंच वाटायला लागते. टॉपर घेतल्यावर मान धरली अशी तक्रार करणाऱ्यांची उशी बदलायची असते.

उकाडा. हा विषय टाळून चालणारच नाही. फोम मुळात उष्णता धरतो, थर्मासच्या भिंतीसारखा, आणि मेमरी फोम अंगाला लपेटून बसतो म्हणून बाजूने वारा शिरत नाही. मे महिन्यात लोडशेडिंग झालं की पाठीखाली तवा. यावर जेलचा टॉपर घ्या म्हणतात. जेल सुरुवातीला गार लागतं हे खरं, कारण ते अंगाची उष्णता ओढून घेतं. पण ओढून घेतलेली उष्णता जाणार कुठे? थोड्या वेळाने जेल आणि तुम्ही एकाच तापमानाला येता. झोप लागेपर्यंतचा गारवा मिळतो, रात्रभराचा नाही. त्यापेक्षा मोकळ्या छिद्रांचा किंवा भोकं पाडलेला फोम, वर जाळीदार किंवा सुती खोळ आणि साधी कॉटनची चादर यांनी जास्त फरक पडतो. लहान मुलांसाठी किंवा आजारी माणसासाठी प्लास्टिकचं अस्तर असलेला वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घातलात तर फोममधल्या सगळ्या छिद्रांवर तुम्ही स्वतःच झाकण लावलंत. लागतो तेव्हाच घाला. फार घाम येणाऱ्यांनी लेटेक्सचा टॉपर बघावा. नैसर्गिक लेटेक्स रबराच्या झाडाच्या चिकाचा असतो, उसळतो जास्त, तापतो कमी, पण महाग आणि वजनाला भारी. ठसा राहण्याची ती मजा त्यात नाही.

पावसाळा हा आपल्याकडचा खरा परीक्षक. सनमायका लावलेला प्लाय, त्यावर गादी, त्यावर टॉपर, आणि खोलीत दोरीवर वाळणारे कपडे. घामाची वाफ खाली जाते, प्लायला अडते आणि तिथेच थांबते. ऑगस्टमधे गादी उचलली की खाली काळे ठिपके, कुबट वास. नेरुळला राहणाऱ्या माझ्या नणंदेने यावर सोपा उपाय काढलाय: प्लायला ड्रिलने रुपयाच्या नाण्याएवढी भोकं पाडून घेतली, आणि दर रविवारी टॉपर भिंतीला उभा करून पंखा फुल्ल. ऊन नको, वारा हवा. टॉपर धुवायचा तर प्रश्नच नाही, पाणी आत गेलं की आठवडाभर बाहेर येत नाही. डाग पडला तर तेवढीच जागा ओल्या फडक्याने टिपायची, घासायची नाही.

मापाचा एक घोळ. आमची गादी सहा इंची, त्यावर तीन इंची टॉपर, एकूण नऊ. पलंग बहात्तर इंच रुंद. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ धरले की नव्वद इंच झाले, आणि नेहमीची डबल चादर असते नव्वद बाय शंभर. म्हणजे चादर गादीच्या खालच्या काठापर्यंत जेमतेम पोचते, खाली खोचायला बोटभर कापड उरत नाही. पहिल्या रात्री पहाटेपर्यंत चादर गोळा होऊन पायाशी. एकशे आठ बाय एकशे आठच्या नव्या चादरी आणाव्या लागल्या. लग्नातल्या आहेराच्या साताठ चादरी कपाटात पडून आहेत, कुणाला हव्यात का?

पलंगाची उंचीही तीन इंच वाढते, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर ही बाब हसण्यावारी नेऊ नका. पलंगाच्या कडेवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. सासूबाई एकदा आमच्या पलंगावर टेकल्या तर पाय लोंबकळत होते. शिवाय मेमरी फोमची कड बसल्यावर दबते, हाताला आधार देत नाही, गुडघे दुखणाऱ्याला त्यातून उठणं जड जातं. आणि तान्ह्या बाळाला यावर कधीच झोपवू नका. पालथं झालं तर तोंड फोममधे रुतून श्वास कोंडू शकतो. बाळाला सपाट आणि घट्ट गादीच हवी, कितीही मऊ मऊ घालावंसं वाटलं तरी.

नवरा-बायकोच्या वजनात फरक असेल तर एक अखंड टॉपर घ्यायची सक्ती नाही. ७८ बाय ७२ च्या पलंगावर ७८ बाय ३६ चे दोन बसतात. एकाला मऊ, एकाला कडक, किंवा एकालाच. वर एकच मोठी चादर घातली की मधली फट फारशी जाणवत नाही. उचलायला हलके, पंख्याखाली उभे करायला सोपे, आणि एक खराब झाला तर एकच बदलायचा.

घरी आल्यावर निर्वात पिशवीत गुंडाळलेला टॉपर उघडा आणि एक-दोन दिवस तसाच पसरून ठेवा, पूर्ण फुगायला वेळ लागतो. फुगल्यावर पट्टी लावून जाडी मोजा. रंगासारखा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवल्या की काही दिवसांत जातो; दम्याचा त्रास असणाऱ्याने तोवर दुसऱ्या खोलीत झोपावं. "शंभर रात्री वापरून बघा" अशा योजना असतात, पण अट वाचा. काही ठिकाणी मूळ पिशवीत परत द्यायचं असतं, आणि एकदा फुगलेला फोम त्या पिशवीत घालणं म्हणजे टूथपेस्ट परत ट्यूबमधे भरणं. उचलताना कोपरा धरून ओढू नका, फोम पावासारखा फाटतो. खालून दोन्ही हात घालून उचला.

आता आमच्याकडे नवी गादी आहे, आणि माझ्या बाजूला फक्त ७८ बाय ३६ चा, तीन इंची, काट्यावर पन्नासला उतरलेला टॉपर. नवरा पालथा झोपतो, त्याला दिला नाही. पिवळा पडलेला जुना टॉपर ब्रेडच्या सुरीने कापून गॅलरीतल्या बाकावर टाकलाय.

सासूबाईंना फोमचं आता नावही नको. त्यांनी त्यांची कापसाची जुनी गादी उसवून गादीवाल्याकडे पिंजायला दिली. देण्याआधी नवऱ्याकडून बॅगेचा काटा मागून घेतला आणि कापूस तोलला, आठ किलो. गादी परत आली तेव्हा तो बिचारा जिन्यातच उभा, आणि यांनी नव्या खोळीचं वजन वजा करून आकडा वाचला: साडेसात.

"धूळ गेली ना आजी," तो म्हणाला.

"अर्धा किलो?"